पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती बाई

थोरला प्लिनी हा रोमन आरमाराचा सेनापती आणि मोठा ग्रंथकार. त्याने आपल्या ग्रंथात एक तक्रार नोंदवून ठेवली आहे. हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून किमान 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि त्या बदल्यात जो माल पाठवतो, तो आपल्याकडे मूळ किमतीच्या शंभरपट भावाने विकला जातो, असं तो म्हणतो. हाच प्लिनी इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा लोकांना सोडवायला जहाजं घेऊन निघाला आणि स्टाबिएच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्याच उद्रेकात, त्याच राखेखाली, त्याच्या तक्रारीतल्या मालाचा एक नग पॉम्पेई शहरात गाडला गेला: वीतभराहून थोडी उंच अशी एक हस्तिदंती बाई. तिला पाहायचं म्हणून मी इटलीला गेले.

माझं माहेर भोकरदनजवळचं. मी शाळेत इतिहास शिकवताना सातवाहनांच्या धड्यात एक वाक्य हमखास यायचं, की त्या काळी रोमशी भरभराटीचा व्यापार चालत असे. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची, गुण मिळवायची. पण कोणी काय बनवलं, कुठल्या वाटेने नेलं, पलीकडे कुणाच्या घरात ते जाऊन पडलं, यातलं काही त्या वाक्यात नव्हतं. म्हणून नेपल्सहून निघणारी एका दिवसाची सहल घेतली. सकाळी पॉम्पेईचे अवशेष, दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय, आणि बरोबर पुरातत्त्व शिकलेली एक तरुण गाईड.

पॉम्पेईत आम्ही पोर्ता मरीनातून, म्हणजे समुद्राकडच्या वेशीतून शिरलो. चढण बरीच आहे. आत गेल्यावर पायाखाली काळ्या ज्वालामुखी दगडाची फरसबंदी लागते आणि तिच्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवलेले आहेत, पाऊल ओलं न होता पलीकडे जाता यावं आणि दोन दगडांमधून गाडीचं चाकही जावं अशा बेताने. इथलं उत्खनन 1748 मध्ये सुरू झालं. पुढे ज्युझेप्पे फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने दोन मोठी कामं केली. शहराचे विभाग, त्यातले घरांचे गट आणि प्रत्येक दार यांना क्रमांक दिले, त्यामुळे आजही कुठली वस्तू कुठल्या दाराआड सापडली हे सांगता येतं. दुसरं, 1863 मध्ये त्याने राखेत देह कुजून राहिलेल्या पोकळ्यांमध्ये प्लास्टर ओतलं, आणि माणसं मेली त्याच अवस्थेत पुन्हा दिसू लागली. ते साचे काचेआड ठेवलेत. लोक त्यांचे फोटो काढत होते. मला ते करावंसं वाटलं नाही.

उद्रेकाचा नेमका दिवस कोणता, यावर अजून चर्चा चालू आहे. परंपरेने 24 ऑगस्ट मानतात, पण 2018 मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरमधली तारीख सापडली आणि शरद ऋतूचं पारडं जड झालं. वर्षाबद्दल मात्र वाद नाही, आणि आपल्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते वर्षालाच. सातवाहनांच्या काळातल्या राजांची वर्षं ठरवताना अभ्यासकांत पन्नास-पन्नास वर्षांचे मतभेद होतात. नाणी, शिलालेख, पुराणांतल्या याद्या यांची सांगड घालता घालता नाकी नऊ येतात. इथे मात्र निसर्गानेच तारीख घालून दिली आहे. पॉम्पेईत जे सापडलं ते 79 च्या आधीचं, यात शंकेला जागा नाही.

चौक, देवळं, न्यायसभा हे सगळं गाईडने झपाट्याने दाखवलं. ती रेंगाळली विया देल्लाब्बोंदान्झा या लांबलचक बाजाररस्त्यावर, आणि ते बरंच झालं. तिथे वेतुतियुस प्लासिदुसची खानावळ आहे. रस्त्याला लागून दगडी ओटा, त्यावर रंगीत संगमरवराचे तुकडे बसवलेले, आणि ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. आत भिंतीवर घरातल्या देवांचं चित्र, त्यात व्यापाराचा देव मर्क्युरी आणि मद्याचा देव डायोनिससही. एका रांजणात जवळजवळ तीन किलो नाणी सापडली. चिल्लर गल्ला. मालक तो उचलून नेऊ शकला नाही. मी गाईडला विचारलं, हिंदुस्थानी मूर्ती मिळाली ते घर कुठे? ती थबकली. सहलीतलं कुणी हा प्रश्न विचारत नाही, असं म्हणाली. मग तिने खानावळीच्या भिंतीकडे बोट केलं: ‘‘याच गटात. पहिला विभाग, आठवा गट. म्हणजे हे त्यांचे शेजारीच.’’ घर त्या दिवशी बंद होतं. मी भिंतीपाशीच उभी राहिले. इथे ओट्यावर गरम जेवण वाढलं जात होतं आणि चार भिंतींपलीकडे कुणाच्या तरी घरात दख्खनच्या कारागिराच्या हातची वस्तू होती, हे मनात मुरायला थोडा वेळ लागला.

ही मूर्ती 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मैउरी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात मिळाली. त्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव जगभर रुळलं. खरं तर तिच्या हातात कमळ नाही, बाजूला हत्ती नाहीत. यक्षी किंवा शृंगार करणारी कुलीन स्त्री म्हणणं जास्त बरोबर, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे आणि मलाही तेच पटतं. तिच्या डोक्यातून खाली एक भोक कोरलेलं आहे. त्यावरून मैउरींना ती आरशाची मूठ वाटली. नंतरच्या काहींना एखाद्या छोट्या चौरंगाचा किंवा आसनाचा पाय. ती बनली कुठे, याचं उत्तर सुरुवातीला उत्तर भारतात शोधलं जात होतं.

मग 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, अखंड नाही, पण घडण, दागिने आणि बाजूच्या दासी पाहिल्या की पॉम्पेईच्या मूर्तीशी तिचं नातं लपत नाही. तेरलाही त्याच वळणाची हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे. दख्खनमध्ये हस्तिदंत कोरणारे हात होते, याला त्यामुळे पक्का पुरावा मिळाला. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक आहेत, त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीव काम केलं असा लेख आहे. हस्तिदंत कोरणाऱ्यांचे संघ होते, पैसा होता, दगडावर नाव घालण्याइतकी प्रतिष्ठा होती. आमच्या तालुक्याच्या गावाबद्दल लोक बोलतात ते पाण्याच्या टंचाईचं आणि कापसाच्या भावाचं. केळणा नदीकाठच्या त्या टेकाडाखाली काय होतं, ते माझ्या बालपणी कुणी मला सांगितलं नाही.

वाट कोणती? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे दर्यावर्दी टिपण त्याचं उत्तर देतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकीक दगड, तेरहून साधं कापड आणि तलम मलमल, हे सगळं गाड्यांवर घालून, रस्ता म्हणावा असा नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, असं तो लिहितो. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. उलट दिशेने काय यायचं? इटलीची मद्यं, तांबं, कथील, शिसं, पोवळं, आणि राजासाठी चांदीची भांडी व गाणारी मुलं. इजिप्तहून जहाजं जुलैत सुटायची, नैर्ऋत्य वारा धरून इकडे यायची आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत. मग तांबडा समुद्र, उंटांचा तांडा, नाईल, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी पुतेओली. हे बंदर आजचं पोझ्झुओली, नेपल्सच्या कुशीत. तिथून पॉम्पेई फार दूर नाही. प्लिनी शंभरपट भाव म्हणतो तेव्हा या सगळ्या टप्प्यांवरची जकात, हमाली आणि नफा मनात धरावा लागतो. कोरणाऱ्याच्या पदरात त्यातलं किती पडलं असेल, हे मूर्ती पाहताना मला सारखं टोचत होतं.

एक गाठ मात्र राहते. मूर्तीच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे. दख्खनची लिपी ब्राह्मी. खरोष्ठी वायव्येकडची, गांधारातली. त्यावरून काहींनी ही मूर्ती वायव्येकडूनच आली असं धरलं. अफगाणिस्तानात बेग्राम इथे सापडलेल्या हस्तिदंती फळ्या त्यांना जवळच्या वाटतात. मला यात नाशिकजवळच्या जोगळटेंभीची आठवण होते. तिथे 1906 मध्ये 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षहरात क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिप्या आहेत. पेरिप्लसमध्ये भडोचच्या राजाचं जे नाव येतं ते नहपानाचंच असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच टिपणात असंही आहे की कल्याण बंदरात चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे खरोष्ठी वाचणारे कारकून आणि सुटे भाग जोडणारे कारागीर शोधायला थेट गांधारात जायची गरज नाही. ते भडोचलाही असावेत. भोकरदनला कोरलेल्या मूर्तीवर वाटेत जुळणीची खूण म्हणून ते अक्षर पडलं असावं, असा माझा कौल आहे.

दुपारी नेपल्सच्या संग्रहालयात पोचलो. पॉम्पेईच्या भिंतींवरची आणि जमिनींवरची उत्तमोत्तम चित्रं इथे आणून ठेवलेली आहेत. फॉनच्या घरातलं अलेक्झांडरच्या लढाईचं कुट्टिमचित्र पाहून पाय निघत नाही, आणि आठ फोडींच्या खुणा असलेली जळकी पावाची चकती पाहून घशात आवंढा येतो. पण माझी ओढ वेगळी होती. मी पाहिली तेव्हा हस्तिदंती बाई ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’मध्ये, म्हणजे गुप्त दालनात होती. पॉम्पेईतल्या कामुक चित्रांना आणि वस्तूंना वेगळं काढून 1819 मध्ये कुलूप लावलं गेलं, तेच हे दालन. सर्वांसाठी ते कायमचं खुलं झालं 2000 साली.

काचेजवळ गेले. बाई पायावर पाय टाकून, कंबरेत किंचित झुकून उभी आहे. एक हात वर उचलून डोक्यामागे नेलेला. अंगावर वस्त्र नाहीच म्हणायला हरकत नाही, पण दागिने इतके की अंग दिसावं कुठून असा प्रश्न पडावा. घोट्यापासून पोटऱ्यांवर चढत गेलेले वाळे, एकावर एक. हातात मनगटापासून वर दाट कडी. गळ्यात हार, कंबरेला पदर सुटलेला कमरपट्टा. मागून पाहिलं तर वेणी पाठीवर उतरलेली, अगदी निगुतीने कोरलेली. मागची बाजू सहसा दिसणार नाही हे ठाऊक असूनही कारागिराने तिथे हात आखडता घेतलेला नाही. दोन्ही अंगांना लहानखुऱ्या दोन दासी, हातात शृंगाराच्या डब्या घेऊन बाहेर तोंड करून उभ्या. एकाच दाताच्या तुकड्यातून तीन माणसं काढायची, दाताच्या गोलाईत त्यांना बसवायचं आणि तरीही मधल्या बाईला अवघडल्यासारखं दिसू द्यायचं नाही, ही कसबाची गोष्ट आहे.

तिला या दालनात ठेवणं मला पटलं नाही, आणि ते मी गाईडला सांगितलं. आमच्या लेण्यांच्या दारांवर, स्तूपांच्या तोरणांवर अशा बाया उभ्या आहेत. त्या समृद्धीच्या, सुफलतेच्या खुणा आहेत. भिक्षू त्यांच्या खालून रोज ये-जा करत. रोमन घरातल्या कामुक चित्रांशेजारी तिला ठेवलं की पाहणारा तिच्याकडे त्याच नजरेने पाहतो आणि तिच्या हातातलं, गळ्यातलं, पाठीमागचं काम त्याला दिसतच नाही. तिची जागा व्यापाराच्या दालनात आहे, पुतेओलीला उतरणाऱ्या मालाच्या नकाशाजवळ. गाईडने ऐकून घेतलं, वहीत भोगवर्धन हे नाव लिहून घेतलं, उच्चार दोनदा विचारला.

तिकडून इकडे आलेली वस्तूही आपल्याकडे आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये उत्खनन झालं. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्या टेकडीवर कांशाची रोमन भांडी आणि समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती मिळाली. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. आणि तेर! पंढरीच्या वाटेवर गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला जाणारे हजारो जण आहेत. त्याच गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे, मुळात विटांचं चैत्यगृह असलेलं. तिथेच रामलिंगप्पा लामतुरे या गावच्या व्यापाऱ्याने पदरमोड करून, टेकाडांवर सापडणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंत असं एकेक गोळा करून उभा केलेला संग्रह आज सरकारी संग्रहालय झाला आहे. इटलीचं तिकीट सगळ्यांना परवडणारं नाही. तेरला एसटीने जाता येतं. गोरोबाकाकांचं दर्शन झालं की लामतुरे संग्रहालयात जरूर जा, मुलांना बरोबर न्या, आणि तिथल्या हस्तिदंती कामापुढे सावकाश उभे राहा.