कुऱ्हाडीने भटका केलेला कवी

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपल्या पलटणींचे पाइप बँड तुम्ही ऐकले असतील. फौजेत तीसेक वर्षं ते सूर माझ्या कानावर पडत होते. ही वाद्यं ब्रिटिश सैन्यातल्या स्कॉटिश पलटणींमुळे आपल्याकडे आली, एवढं ठाऊक होतं. त्या डोंगराळ मुलखाच्या गेलिक भाषेतल्या कवींकडे मात्र मी निवृत्तीनंतर वळलो, आणि तेही एका गमतीच्या वाटेने.

अमेरिकेत बर्कली इथे 1966 साली एका घराच्या परसात काही मित्रांनी मध्ययुगीन पोशाखात लढतींचा खेळ भरवला. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम' ही संस्था उभी राहिली. तिचे सदस्य स्वतःसाठी एक मध्ययुगीन माणूस घडवतात. नाव, गाव, काळ, पेशा, सगळं ठरवून त्याचं सोंग वठवतात. त्यातलं एक आवडतं सोंग म्हणजे हार्प घेऊन गावोगाव हिंडणारा, रात्री शेकोटीपाशी गाणारा गेलिक बार्ड. मला त्यांचं कौतुक वाटतं. पण हा बार्ड खरा कसा होता?

पहिली गोष्ट, आयर्लंडमध्ये 'बार्ड' हा खालचा दर्जा. वरचा तो 'फिली'. घराण्यात चालत आलेला पेशा, सरदाराकडून जमीन, आणि त्याआधी कित्येक वर्षांचं शिक्षण. आपल्या अभंगात अक्षरं मोजतात तशी यांची प्रत्येक ओळ मोजलेली. शिवाय यमकासाठी व्यंजनांचे वर्ग पाडलेले. कोणत्या वर्गाला कोणता चालतो याचे नियम. 1703 मध्ये मार्टिन मार्टिनने लिहून ठेवलंय की, हे कवी दारं-खिडक्या बंद करून दिवसभर उताणे पडत, पोटावर दगड, डोक्याभोवती घोंगडी, आणि अंधारात कविता जुळवत. दरबारात ती म्हणायचं काम मात्र वेगळ्या माणसाचं, साथीला हार्पवाला. कवी स्वतः गातच नसे! त्याचा धाक मोठा. त्याने निंदाकाव्य केलं तर माणसाच्या तोंडावर फोड येतात, अशी समजूत होती.

असा माणूस यजमानांच्या घरी फेरीवर जाई, मानपान घेई. पण बेघर होऊन का भटकेल?

मुरिआख ओ'डाली भटकला. स्लायगोजवळच्या लिसाडेलचा हा कवी. सतराव्या शतकात संकलित झालेल्या आयरिश बखरींत 1213 सालाखाली त्याची हकिकत आहे. ओ'डॉनेल या बलाढ्य सरदाराचा कारभारी वसुलीला कॉनाख्तमध्ये आला आणि कवीच्या घरी जाऊन उर्मटपणे बोलू लागला. कवीने धारदार कुऱ्हाड उचलली आणि त्याला जागीच ठार केलं.

मग पळापळ. आधी नॉर्मन सरदार डी बर्गचा आश्रय. ओ'डॉनेल फौज घेऊन मागे आला, तेव्हा कवीची रवानगी ओ'ब्रायनकडे लिमरिकला. तिथेही फौज पोचली. पुढे डब्लिन, आणि तिथूनही हाकलल्यावर समुद्रापार स्कॉटलंड. एका माणसासाठी एवढ्या मोहिमा! फौजी म्हणून मला यात रागापेक्षा इभ्रतीचा हिशेब दिसतो. वसुली करणारा मारला गेला आणि मारणारा सुटला, तर पुढच्या वर्षी कर कोण देणार?

डी बर्गला उद्देशून रचलेल्या कवितेत मुरिआख म्हणतो त्याचा आशय असा, की हलक्या कुळातल्या एकाने शिवीगाळ केली, मी मारला, एवढ्यावरून वैर कशाला? शैली दिमाखदार, पण हे वाचताना मला चीड येते. मेलेला माणूस हुकमाचा ताबेदार होता. कोर्ट मार्शलपुढे हा बचाव क्षणभरही टिकला नसता.

पण याच माणसाने बायको मेल्यावर लिहिलेलं शोककाव्य वाचलं आणि माझा राग निवळला. वीस वर्षांचा संसार, अकरा मुलं, आणि आता आपलंच अर्धं शरीर गेल्याचं तो सांगतो. त्यात कुठेही ऐट नाही. सोळाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये एका धर्माधिकाऱ्याच्या संग्रहात ते उतरवलं गेलं, म्हणून टिकलं. दोन्ही देशांची साहित्यभाषा तेव्हा एकच असल्याने तिथे त्याला कविता बदलावी लागली नव्हती. नाव मात्र बदललं. तो 'अल्बानाख', म्हणजे स्कॉटलंडवाला झाला. बखर सांगते, शेवटी तीन स्तुतिकाव्यं पाठवून त्याने ओ'डॉनेलची माफी आणि जमीनही मिळवली.

स्कॉटलंडमधल्या मॅकमुरिख या कविघराण्याचा तो मूळपुरुष मानला जातो. बेटांच्या अधिपतींकडे आणि नंतर क्लॅनरानल्ड घराण्याकडे हे लोक पिढ्यानपिढ्या राजकवी होते. 1800 साली एका साहित्यिक चौकशीत त्यांच्या वंशातल्या लाखलानची जबानी झाली. मुरिआखपासून आपण अठरावे, असं त्याने सांगितलं. घराण्याची इनाम जमीन गेली होती आणि तिच्याबरोबर शिक्षणही. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. वडिलांजवळ चर्मपत्रांवरची हस्तलिखितं होती, ती पुढे हरवली. त्यातली दोन-तीन शिंप्यांनी मापाच्या पट्ट्यांसाठी कापलेली त्याने पाहिली होती.