रामजन्माला भोर, कुस्तीला वेल्हे

भाटघरच्या पाण्याकाठी एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात तुम्ही खुर्ची टाकून बसला आहात. हातात कार्यक्रमाचा कागद आहे. सकाळी नौकाविहार, दुपारी 'अस्सल गावरान जेवण', संध्याकाळी 'सांस्कृतिक संध्या'. ढोल वाजवणारी पोरं साडेसातला येणार आणि साडेआठला जाणार, कारण नऊ वाजता त्यांना पलीकडच्या रिसॉर्टवर हजर व्हायचंय. ठेवा तो कागद खाली. फोनही ठेवा, रेंज तशीही गेलेलीच असते. उठा, पाण्याकडे पाठ करा आणि नव्वद-पंच्याण्णव वर्षं मागे या. नेमकं साल विचारू नका. भाटघरचं मोठं धरण १९२८ साली पुरं झालं, त्यावर दोन-चार पावसाळे गेलेत, एवढं पुरे.

आता तुम्ही बैलगाडीत आहात. गाडी कानंद खोऱ्यातून, वेल्ह्याहून निघालीय. मागे तोरणा अंधारात नुसता आडवा पडलाय. त्याचं कागदोपत्री नाव प्रचंडगड, आणि अशा रात्री ते पटतं. भोर संस्थानात तालुक्यांनाही गडांची नावं आहेत : प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, सुधागड. एकट्या पवनमावळाच्या वाट्याला तेवढा गड आलेला नाही. म्हणजे तुम्ही या घडीला प्रचंडगड तालुक्यातून विचित्रगड तालुक्यात, रामनवमीला निघाला आहात. पत्ता असावा तर असा.

गाडीत पेंढा आहे, त्यावर घोंगडी आहे, आणि घोंगडीला मेंढराचा, धुराचा आणि गेल्या पावसाळ्याचा वास आहे. तुमच्या पाठीला गाडीची साटी टोचतेय. शेजारी एक म्हातारी मांडीवर गाठोडं घेऊन बसलीय. गाठोड्यात नाचणीच्या भाकरी, लसणाची चटणी, चार कांदे आणि रामाला वाहायला पसाभर आंबेमोहर. तांदळाचा तो वास एवढा आहे की तुम्हाला न शिजलेल्या भाताची भूक लागते.

"पाव्हणं, पाय आखडून घ्या जरा. पोरगं निजलंय खाली," ती म्हणते. तुम्ही आखडता. तासाभराने पाय कुठे संपतो आणि पोरगं कुठे सुरू होतं तेच कळेनासं होतं.

विंझर मागे पडतं, मार्गासनी मागे पडतं. बैलांच्या घुंगरांवर तुम्हाला डुलकी लागते आणि दगडावरून चाक गेलं की दातावर दात आपटून जाग येते. उजाडता उजाडता नसरापूर. गाडी सुटते, बैलांना वैरण पडते, आणि सगळे बनेश्वराच्या झाडीत शिरतात. इथलं गारपण अंगावर आल्याबरोबर कळतं. चैत्रात शिवगंगेला पाणी बेताचंच, पण कुंडातलं पाणी अजून हाडं वाजवणारं. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४९ चं. दर्शन घेऊन वर हात केलात की तुमच्या हाती जी घंटा लागते तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतली ही लूट. म्हातारी ती तीनदा बडवते. देवाला ऐकू गेल्याशी कारण, घंटा कुणाची याच्याशी तिला देणंघेणं नाही.

उन्हाचा दिवस झाडाखाली काढायचा आणि पुन्हा रात्री जुंपायचं. पहाटेच्या सुमाराला डावीउजवीकडे कुठेतरी पाण्याचा ओला वास येतो. ते भाटघर. मैलभर लांबीची दगडी भिंत अंधारातही पांढुरकी दिसते. गाडीवान बैलांना थांबवत नाही, पण बोलायचा थांबतो. या पाण्याखाली कुणाकुणाची शिवारं गेलीत हे गाडीतल्या सगळ्यांना पाठ आहे. नव्वद वर्षांनी याच पाण्याकाठी तुम्ही खुर्ची टाकून बसणार आहात, हे त्यांना सांगू नका. काय सांगणार?

भोर आलं हे आधी नाकाला कळतं. शेणाने सारवलेली अंगणं, भट्टीवरचं तेल, मोगऱ्याचे गजरे, घोड्याची लीद. मग कानाला : सनई आणि चौघडा. गल्लीगल्लीतून माणसं एकाच दिशेला वाहताहेत. त्यात पागोटी आहेत, काळ्या टोप्या आहेत, पुण्याहून सर्व्हिस मोटारीने कात्रजचा घाट ओलांडून आलेले, धुळीने पिठूर झालेले कोटवाले आहेत. नऊवारीचे काष्टे सावरत बायका चालल्यात, त्यांच्या पाटल्या-बांगड्यांचा किणकिणाट चौघड्याला मध्येच ताल चुकवायला लावतो. तुम्ही चालत नाही आहात. तुम्हाला नेलं जातंय.

राजवाड्याच्या दरवाजाशी पायताणांचा ढीग पडलाय. काढा तुमचीही. कुठे काढली ते नीट बघून ठेवा, असं मी आत्ता सांगतोय, पण मागून रेटा येतो आणि तुम्ही आत असता.

आत पायाखाली फरशी गार. सागवानी खांबांवरचं नक्षीकाम, चौकामागून चौक, आणि छताला झुंबरं. माडीवर चिकाच्या पडद्यांमागे हालचाल, कुजबुज. पंतसचिवांचं हे घर. शंकराजी नारायणांना राजाराममहाराजांच्या काळात सचिवपद मिळालं, तेव्हापासून पदवी घराण्यात चालत आली. आता गादीवर रघुनाथराव आहेत. पण आजचा यजमान कोण विचाराल तर ते नव्हेत. यजमान तो, जो अजून जन्मायचाय.

मधल्या जागेत फुलांनी मढवलेला पाळणा आहे. बुवांचं कीर्तन रंगात आलंय. पूर्वरंग संपून, गळ्यात हार आणि कपाळी बुक्का लागून आता ते आख्यानात शिरलेत. दशरथाचा यज्ञ झाला, पायस वाटून झालं, कौसल्येचे डोहाळे चाललेत. बुवांच्या उपरण्याचं टोक घामाने ओलं झालंय. तुमचंही सगळं ओलं झालंय. चैत्रातली दुपार, शेकडो माणसं, उदबत्तीचा धूर, आणि बरोबर तुमच्या नाकासमोर एका उंच गृहस्थाचा घामेजलेला खांदा. त्याला धक्का देऊ नका, तो हलायचा नाही. उलट मागून कुणाची तरी चिमुरडी तुमच्या खांद्यावर येऊन बसते. कुणी दिली, कुणाची, काही पत्ता नाही. "जरा धरा हो, दिसत नाही तिला," एवढाच आवाज आला.

एक गोष्ट बघून ठेवा. या गर्दीत कोण कुठवर येतो हे कुणी मोठ्याने सांगत नाही, तरी ते ठरलेलं आहे. ब्राह्मण पुढे, कुणबी मावळे मागे, आणि ज्यांना वाड्याचा उंबरा ओलांडायची मुभाच नाही ते बाहेर, उन्हात. चौघडा त्यांनाही ऐकू येतो. सगळं गोड दाखवणारा वाटाड्या मी नाही.

बुवा थांबतात. झांज थांबते. सूर्य बरोबर डोक्यावर. या एका क्षणाला अख्ख्या वाड्यात इतकी शांतता होते की तुमच्या खांद्यावरची पोर चुरमुरे चावतेय ते ऐकू येतं.

आणि मग एकदम फुटतं. घंटा, शिंग, टाळ्या, नावाचा गजर. गुलाल उधळला जातो आणि दोन पळं कुणाला कुणीच दिसत नाही. फुलं केसांत, कॉलरीत, तोंडात. बायका पाळण्याची दोरी धरतात आणि पाळणा म्हणायला लागतात. ज्यांच्या हाती दोरी येत नाही त्या नुसत्याच हात हलवतात. शेजारचा उंच गृहस्थ रडतोय. खरोखर रडतोय, उपरण्याने डोळे पुसतोय. तुम्हाला जरा संकोच वाटतो, आणि मग लक्षात येतं की गुलाल तुमच्याही डोळ्यांत गेलाय. गुलालच असावा.

हातावर सुंठवडा येतो. सुंठ, साखर, खोबरं, खसखस. आधी गोड लागतो आणि मग घशात जाळ काढतो. तसा ठसका लावणारा सुंठवडा तुमच्या लहानपणी आजीच्या घरी मिळाला असेल तर मिळाला.

बाहेर आलात? चपला नाहीत. शोधू नका. त्या एव्हाना हिरडस मावळात पोचल्या असतील. फुफाटा तापलाय, तळपाय उचलून टाकत नीरेच्या पात्रात जा. पाणी घोट्याएवढं, पण वाहतं. गुलाल पाण्यात सुटतो आणि खाली धुणं धुणारी बाई तुम्हाला शिव्या देते. बरोबरच आहे तिचं. काठावर लाकडी चरकाचा करकर आवाज येतोय, रस प्या. बाजारात गोडीशेव, रेवड्या, फुटाणे, कासाराकडे काकणं भरायला बसलेल्या पोरी आणि डोळे मिटून 'आई गं' म्हणणारी नवी सून. रात्री गॅसबत्त्या लागतील, किडे जमतील आणि वाड्यात गाणं बसेल. तुम्ही मात्र खांबाला टेकून पहिल्याच चीजेत झोपणार. लाजू नका, निम्मी सभा झोपलेली आहे. उरलेली निम्मी मान डोलावतेय, त्यातही थोडे झोपलेलेच.

आता परत फिरा, पुन्हा तोरण्याच्या पायथ्याला. ऊन अजून चढलंय, डोंगरात करवंदं काळी पडलीत आणि वेल्ह्यात मेंगाईची जत्रा भरलीय. मेंगाई वर गडावरही आहे आणि खाली गावातही. भोरचा उत्सव वाड्याचा. त्याला अदब होती. इथे सगळी बेअदबी. मला विचाराल तर मजा इथे जास्त आहे.

नांगरून, ढेकळं फोडून केलेला आखाडा. भोवती माणसं, मागे झाडांवर माणसं, झाडांखाली बैल. हलगी अशी कडाडते की ती कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू येते. सुरुवात पोरांच्या कुस्त्यांनी. लंगोट ढिला, नाक वाहतंय, आणि जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. हरणारा भोकाड पसरतो म्हणून त्यालाही मूठभर. मग गडी मोठे होत जातात आणि बक्षीसही : नारळ, रुपया, फेटा. हातावर हात घासून माती लावायची, पंचांना हात लावून सलामी द्यायची आणि भिडायचं.

तुम्ही मागे उभे होतात ना? होतात. पण जोड कमी पडली. एक पंच गर्दीवरून नजर फिरवतो आणि ती तुमच्यावर थांबते.

"ह्ये पाव्हणं बरं हायेत अंगानं. या की म्होरं!"

नाही म्हणायची सोय नाही. कुणीतरी तुमचा सदरा काढून घेतो, कुणीतरी पाठीवर थाप मारतो. समोर एक शेलाटा पोरगा उभा आहे, गुराखी असावा. तुमच्या निम्म्या वजनाचा. तुम्हाला हायसं वाटतं. ते हायसं वाटणं साधारण दोन श्वास टिकतं. तिसऱ्या श्वासाला त्याचा खांदा तुमच्या काखेखाली, चौथ्याला आभाळ पायाखाली आणि तोरणा उलटा. मग पाठीवर माती. मऊ, उन्हाने कोमट, वासाला पहिल्या पावसासारखी. वर वर्तुळात तोंडंच तोंडं, सगळी हसताहेत. तो पोरगा हात देऊन उठवतो, वाकून तुमच्या पाया पडतो, वयाने मोठे ना तुम्ही, आणि फेटा घेऊन पळतो.

त्यानंतर तुम्ही या गावात पाहुणे राहत नाही. ज्याच्या त्याच्या घरी जेवायला ओढाओढ. पाट, पत्रावळ, पुरणाची पोळी, तिच्यावर कटाची आमटी इतकी झणझणीत की नाकडोळे एक होतात. रात्री छबिना निघतो. मशालींचं तेल, ढोलांचा घुमारा, लेझीम. पालखी दारोदार थांबते, बायका पायांवर पाणी घालतात. एका वळणावर पालखीचा दांडा तुमच्या खांद्यावर येतो. वजन कल्पनेपेक्षा जास्त असतं, आणि पुढचा माणूस नाचत चालतो म्हणून तुम्हालाही नाचतच चालावं लागतं. पलीकडे शेतात ढोलकी आणि तुणतुणं सुरू झालेलं आहे. तिकडे जायचं का, हे घरच्यांना न विचारता ठरवा.

उजाडायच्या आत परत या. खुर्ची तिथेच आहे, भाटघरचं पाणी तिथेच. साडेसातचा ढोल वाजून गेला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड आहे. बनेश्वराची घंटा जागेवर आहे. आणि भोरच्या वाड्यात रामजन्म अजून होतो, चैत्र शुद्ध नवमीला, दुपारी बारा वाजता. गाडीने जा, पण बाराच्या बऱ्याच आधी पोचा. आणि चपला कुठे काढल्या ते या खेपेला तरी लक्षात ठेवा.