समाधान कुणाला सांगावं?

आजचा विषय कृतज्ञता आणि समाधान हा आहे. वरवर पाहता विषय सोपा वाटतो. आहे त्यात समाधान मानावं, ज्यांनी दिलं त्यांची जाणीव ठेवावी, यात बोलण्यासारखं काय आहे? पण आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा नेमका इथेच कुणी ना कुणी विद्यार्थी उठून विचारायचा, ‘सर, सगळेच समाधानी राहिले तर अन्याय दूर कोण करणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात शोधून पाहू.

आधी शब्द पाहू. ‘समाधान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक अर्थ तृप्ती, दुसरा शंकेचं निरसन. शास्त्रचर्चेत आधी शंका येते, मग तिचं समाधान होतं. शंका विचारूच दिली नाही तर सभेत शांतता होईल, समाधान होणार नाही. ‘कृतज्ञ’ शब्दाचंही तसंच आहे. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात जाणणं आहे, वाकणं नाही.

आता पतंजलींकडे वळू. योगसूत्रांत पाच यम आणि पाच नियम सांगितले आहेत. ढोबळमानाने, यम ही इतरांशी वागताना पाळायची पथ्यं आणि नियम ही स्वतःला लावून घ्यायची शिस्त. संतोष कुठे आहे? नियमांत. आणि यमांत काय आहे? अहिंसा आणि सत्य यांच्याबरोबर अस्तेय आणि अपरिग्रह, म्हणजे चोरी न करणं आणि साठवून न ठेवणं. आम्ही याचा अर्थ असा लावतो की, संतोष स्वतःपुरता असतो. दुसऱ्याच्या बाबतीत आपलं कर्तव्य त्याला संतोष शिकवण्याचं नाही, त्याच्या वाटचं आपण दाबून ठेवत नाही ना, हे पाहण्याचं आहे.

हे आचरणात कसं दिसतं? देहूला जाऊ. तुकोबांचं घराणं महाजनकीचं, घरात व्यापार आणि देणंघेणं होतं. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी काय केलं? परंपरा सांगते, लोकांकडच्या येण्याची खतं होती, त्यातली निम्मी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. आता बघा, कर्जदारांना बोलावून ‘बाबांनो, समाधानी राहा’ असं कीर्तन त्यांना करता आलं असतं. त्यांनी आपलं येणं सोडलं. समाधान त्यांचं स्वतःचं होतं, ओझं मात्र दुसऱ्यांचं उतरलं. भावाचा वाटा त्याला देऊन टाकला, हेही विसरू नका. त्याग करायचा तोही स्वतःच्या वाट्याचाच.

दुसरा मुक्काम मंडालेचा. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली. 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी तुरुंगात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते 1915 साली प्रसिद्ध झालं. गंमत बघा, त्याच 1910 साली व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचं पुस्तक आलं, त्यात टिळकांना हिंदी असंतोषाचा जनक म्हटलं होतं. आणि इकडे हा ‘जनक’ कोठडीत बसून सुखदुःखविवेक लिहीत होता! त्या प्रकरणात टिळक, सगळा असंतोष वाईट, हे मत मान्य करत नाहीत. महाभारतात हार खाऊन स्वस्थ पडलेल्या मुलाला उठवणारी विदुला आहे, तिची आठवण ते देतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, फळाची हाव सोडावी, कर्तव्याचा नेट सोडू नये. कोठडीबद्दल कुरकुर नाही आणि पारतंत्र्याबद्दल समाधान नाही. या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकतात.

तिसरा प्रसंग 25 नोव्हेंबर 1949 चा, घटना समितीतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर समारोपाचं भाषण करत होते. थोर पुरुषांनी देशाची जन्मभर सेवा केली, त्यांच्याविषयी कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, असं ते म्हणाले. पण कृतज्ञतेला मर्यादा असते, हे त्यांनी लगेच बजावलं. त्यासाठी आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला. आशय असा की, स्वाभिमान गहाण टाकून माणसाने कृतज्ञ राहू नये आणि स्वातंत्र्य गहाण टाकून राष्ट्राने राहू नये. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशाराही त्यांनी याच भाषणात दिला. संविधान पूर्ण झालं म्हणून समाधान मानून बसा, असं ते म्हणाले नाहीत.

आता आपल्या घरात येऊ. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंचं आपण कौतुक करतो, ‘एवढ्याशा पैशांत किती समाधानी आहेत हो!’ मित्रहो, ते समाधान त्यांचं आहे, त्याचं श्रेय त्यांना. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. पैसे एवढेसेच का आहेत, आणि ते ठरवतं कोण? त्यांच्या कष्टांवर आपली सकाळ सुरळीत चालते, हे जाणणं म्हणजे कृतज्ञता. आणि जाणलं तर पगार वाढवताना, सुट्टी देताना आपला हात अडणार नाही.

आमच्या वयाला समाधान हवंसं वाटतं, ते मिळवावंही. आपलं ताट पाहून ‘पुरे’ जरूर म्हणावं. शेजारच्याच्या ताटाकडे बघून ‘त्याला पुरे’ म्हणण्याचा अधिकार मात्र आपल्याला कुणी दिलेला नाही.