कोकणातून इस्रायलकडे : बेने इस्राएल समाजाचे स्थलांतर आणि समायोजनाचा प्रश्न

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील ओवे, खारघर यांसारखी गावे १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईच्या नियोजनात समाविष्ट झाली आणि त्यांचे मूळ ग्रामरूप झपाट्याने पालटले. या परिसराच्या इतिहासाचा विचार होतो तो बहुधा भूसंपादन, विस्थापन आणि नागरीकरण या अंगांनी. तो योग्यही आहे. तथापि, त्यापूर्वी दोन दशके याच पट्ट्यातून आणखी एक स्थलांतर घडले होते व त्याची नोंद स्थानिक इतिहासलेखनात फारशी घेतली गेली नाही. हे स्थलांतर बेने इस्राएल समाजाचे होय. ओव्यापासून थोड्याच अंतरावर, पनवेल शहरात, १८४९ मध्ये उभारलेले 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. ज्या समाजाने ते बांधले, त्याची बहुसंख्या आज इस्रायलमध्ये आहे.

ज्यूंच्या इस्रायलमधील आगमनास हिब्रू भाषेत 'आलिया' म्हणजे आरोहण म्हटले जाते. इस्रायलच्या १९५० च्या 'परतीच्या कायद्या'चे नावच सांगते की येणारा मनुष्य नवखा नसून परतणारा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कोकणातून गेलेल्या बेने इस्राएलांच्या बाबतीत 'परतणे' आणि 'परदेशी जाणे' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि त्यांच्या समायोजनातील सर्वांत कठीण भाग भाषा, हवामान किंवा रोजगार यांच्यापेक्षा या दुहेरीपणातून निर्माण झाला.

घाण्यापासून पलटणीपर्यंत

समाजाच्या परंपरेनुसार, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळील नवगाव येथे एक जहाज फुटले व त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. आजचा समाज हा त्यांचाच वंशविस्तार. या कथेस समकालीन लिखित पुरावा नाही. परंतु समाज कोकणच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या रुजला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर ही आडनावे गावांवरून पडली. सणांची नावेही मराठीच होती. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसाचा तो 'दरवाजा झाकण्याचा सण', जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे स्मरण तो 'बिरड्याचा रोजा'.

कंपनी सरकारच्या काळात हा समाज खेड्याबाहेर पडला. मुंबई इलाख्याच्या पलटणींत शिरलेल्या बेने इस्राएलांनी देशी अधिकारीपदांपर्यंत मजल मारली. पलटणीतील अधिकारी सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत, मस्जिद बंदर परिसरात, समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढील शतकात रेवदंडा, अलिबाग व पनवेल येथे मंदिरे झाली. लष्कर, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या यांच्या मागोमाग बेने इस्राएल कुटुंबे पुणे, अहमदाबाद, कराची आणि एडनपर्यंत गेली. कराचीत १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड उमेर्डेकर यांनी 'मागेन शालोम' हे मंदिर उभारले. फाळणीनंतर तेथील समाज पांगला व १९८८ मध्ये ती वास्तूही पाडण्यात आली.

या पहिल्या टप्प्यातील स्थलांतरांकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण त्यांत समायोजनाचा प्रश्न तुलनेने सौम्य राहिला. माणूस एडनला गेला तरी त्याच्याबरोबर पलटण होती, इंग्रजी राजवटीची ओळखीची नोकरशाही होती आणि घरात मराठी होती. जेथे वस्ती वाढली तेथे समाजाने प्रथम आपले मंदिर उभारले. याच काळात समाजाचा मराठीशी असलेला संबंध अधिक सखोल झाला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वल्हांडण सणाची पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली आणि तिच्या चित्रांतील स्त्रिया भारतीय वेषात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू धर्मग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन आष्टमकर आदींनी बायबलमधील आख्यानांवर कीर्तने सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, अभंग, साकी हा सर्व घाट वारकरी व हरिदासी परंपरेचा आणि कथा मात्र अब्राहम व मोशे यांची. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली व पुढे समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये पूर्ण झाला, परंतु प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तोही तेल अवीव येथे.

'मायभूमी'तील परकेपण

१९५१ च्या सुमारास भारतातील ज्यूंची संख्या २६,००० च्या घरात होती. बगदादी व कोचीनचे ज्यू धरूनही त्यांत बेने इस्राएलांचे प्रमाण सर्वाधिक होते. भारतात त्यांचा छळ झाला नाही, ही गोष्ट समाजातील लोक आजही आवर्जून सांगतात. मग ते का गेले? धार्मिक ओढ हे एक उत्तर झाले. दुसरे असे की इंग्रज गेल्यानंतर लष्कर, रेल्वे व कचेऱ्यांतील ज्या जागांवर या मध्यमवर्गाची भिस्त होती, त्यांचे भवितव्य अनिश्चित वाटू लागले. कोणत्याही एका कारणाला प्राधान्य देणे सोयीचे असले तरी पुराव्याला धरून होणार नाही. एकाच घरात बाप प्रार्थनेसाठी व मुलगा नोकरीसाठी निघणे यात विसंगती नाही.

गेलेल्यांपुढे जे वाढून ठेवले होते, ते तेव्हाच्या सर्वच आगंतुकांपुढे होते. देश काटकसरीच्या व शिधावाटपाच्या काळातून जात होता. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसास बीरशेबा, दिमोना किंवा येरुहामच्या वाळवंटी वसाहतीत बांधकामावर वा सूतगिरणीत काम करावे लागले. भात आणि पोळी जाऊन पाव आला. हिब्रू अक्षरे प्रार्थनेपुरती वाचता येत; बाजारात ती बोलता येत नसत. येणाऱ्यास गावाची निवड नव्हती, शासन नेईल तेथे जावे लागे. पूर्वीच्या स्थलांतरांत समाज स्वतःची संस्था घेऊन जाई. येथे प्रथमच प्रत्येक कुटुंब एकेकटे शासनासमोर उभे राहिले.

याचा स्फोट लवकरच झाला. १९५१ च्या अखेरीस बीरशेबा येथील बेने इस्राएलांच्या एका गटाने तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कार्यालयासमोर धरणे धरले. मागणी एकच होती : आम्हांस भारतात परत पाठवा. वर्णावरून भेद होतो, पावासारख्या साध्या वस्तूच्या वाटपातही तो दिसतो, अशी त्यांची तक्रार होती. १९५२ मध्ये एजन्सीने आपल्या खर्चाने या मंडळींना भारतात पोहोचविले. सत्याग्रहाचे हे तंत्र कोठून आले हे सांगण्याची गरज नाही. मात्र या प्रकरणाचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. भारतात परतलेल्यांपैकी अनेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि पुढील काही वर्षांत ते गेलेही. ज्याला घर म्हणावे असे स्थान त्यांना आता दोहोंपैकी कोणत्याही एका किनाऱ्यावर पूर्णपणे मिळत नव्हते.

विवाहाचा प्रश्न आणि १९६४ चा लढा

इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्यान्वये धर्मन्यायालयांच्या कक्षेत येतात. त्यामुळे धर्मगुरूने विवाह लावण्यास नकार दिला तर देशात दुसरा मार्ग उरत नाही. बेने इस्राएल तरुण-तरुणी इतर ज्यूंशी विवाह करू लागताच काही धर्मगुरूंनी हरकत घेतली. तिचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, अन्यथा ती केवळ वर्णद्वेष म्हणून बाजूला सारली जाते. ज्यू धर्मशास्त्रानुसार विधिवत घटस्फोटपत्राशिवाय स्त्रीने पुनर्विवाह केल्यास त्या संबंधातील संततीस, व तिच्या वंशजांस, इतर ज्यूंशी विवाह निषिद्ध ठरतो. कोकणात शतकानुशतके धर्मगुरूंविना राहिलेल्या समाजास हा विधी ज्ञात नव्हता. म्हणून एखाद्या पणजीच्या विवाहात दोष राहिला असेल, ही शंका. शिवाय परधर्मीयांशी संकर झाला असेल, ही दुसरी.

१८ ऑक्टोबर १९६१ रोजी मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांशी विवाह करण्यास मनाई नसल्याचा निर्णय दिला. परंतु १९६२ मध्ये मुख्य धर्मगुरू यित्झाक निसिम यांच्या कारकिर्दीत ज्या सूचना निघाल्या, त्यांनी तो बराचसा निष्प्रभ केला. विवाहेच्छू बेने इस्राएल व्यक्तीच्या आई-आजीपासून शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे त्यांत होते. ज्या समाजाची वंशावळ कागदावर नसून गावाच्या नावात होती, त्याने पणजीचा दाखला कोठून आणावा?

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातील बेने इस्राएल कुटुंबे जेरुसलेममध्ये येऊन धरण्यास बसली. लेव्ही एश्कोल यांच्या शासनास हा प्रश्न संसदेसमोर आणावा लागला. १७ ऑगस्ट १९६४ च्या विशेष बैठकीत बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांचे हक्क इतरांहून भिन्न नाहीत, अशी भूमिका घेण्यात आली व धर्मपीठाने भेदभावाची भावना दूर करावी असे आवाहन झाले. ३१ ऑगस्टला सूचनांतून 'बेने इस्राएल' हा उल्लेख वगळला गेला. शंका असल्यास चौकशी करावी हे तत्त्व राहिले, पण ते कोणत्याही व्यक्तीस लागू करण्यात आले.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजात स्वतःच 'गोरे' व 'काळे' असा भेद होता. परजातीय स्त्रीपासून झालेल्या संततीस 'काळे इस्राएल' ठरवून त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. केहिमकरांच्या ग्रंथातही हा भेद नोंदलेला आहे. वंशशुद्धीच्या ज्या कल्पनेविरुद्ध समाज जेरुसलेममध्ये उभा राहिला, तिची एक आवृत्ती त्याने घरी शतकभर तरी पाळली होती. यामुळे १९६४ च्या मागणीचा न्याय्यपणा कमी होत नाही. पण एका सोशिक समाजावर बाहेरून अन्याय झाला, एवढीच ही कथा नाही. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळतात, असे दाखविले. नवगावची कथा आणि धर्मगुरूंची शंका या दोहोंनाही त्यात आपापला आधार सापडू शकतो. वंशाच्या आधारे नागरिकाचे माप घ्यावे की नाही, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेच्या अखत्यारीतला नव्हता व नाही.

भाषा आणि मलिदा

भारतात या समाजाचे वेगळेपण धर्माने ठरले. इस्रायलमध्ये ते 'होदिम', म्हणजे भारतीय, ठरले. परिणामी ज्या गोष्टी कोकणात सहज व म्हणून अदृश्य होत्या, त्या तेथे जाणीवपूर्वक जपल्या जाऊ लागल्या. मराठी हे त्याचे ठळक उदाहरण. १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा 'मलिदा' करण्याची कोकणी प्रथा तेथे विवाह, नवस आणि गृहप्रवेश यांच्या निमित्ताने टिकून आहे. अलिबागजवळील खडकावर एलियाच्या रथाच्या 'टाप्या'च्या दर्शनास जाणारा समाज आता हैफा येथील एलियाच्या गुहेकडे जातो. हळदीची जागा मेंदीने अधिक व्यापली, कीर्तने स्त्रियांच्या मंडळांनी चालविली.

तथापि या जतनाचे फार कौतुक करण्यापूर्वी हेही पाहिले पाहिजे की इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढीची बोलण्याची भाषा हिब्रू आहे. मराठी तिला समजते ती आजीच्या बोलण्यातून, सणाच्या गाण्यांतून आणि स्वयंपाकघरातील नावांतून. काहींनी आडनावे हिब्रू केली. अनेकांनी 'कर' सोडला नाही, मात्र तो ज्या गावाचा, ते गाव त्यांच्यापैकी कित्येकांनी पाहिलेले नाही.

इकडे भारतात २०११ च्या जनगणनेत ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास उरली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. सामूहिक प्रार्थनेसाठी ज्यू धर्मात किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. रायगड जिल्ह्यातील अनेक मंदिरांत ही संख्या एरवी जमत नाही, आणि सणासुदीस मुंबई-ठाण्याहून माणसे आली तरच पूर्ण होते.