३० एप्रिल : ऐझॉलचा पराक्रम, मुंबईचे प्रशिक्षक

३० एप्रिल २०१७. शिलाँगच्या मैदानावर ऐझॉल एफसीला फुटबॉलची आय-लीग जिंकण्यासाठी बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटालाच डिपांडा डिकाने शिलाँग लाजाँगला आघाडी मिळवून दिली. दुसऱ्या सत्रात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला. ३७ गुणांसह ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागान अवघ्या एका गुणाने मागे राहिला. ईशान्येकडील क्लबचे हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद. आदल्या हंगामात हाच संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्याने त्याला पुन्हा प्रवेश मिळाला.

या यशाचे शिल्पकार होते प्रशिक्षक खालिद जमील. १९७७मध्ये कुवेतमध्ये जन्मलेले जमील मुंबईत महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळले, भारताची जर्सीही त्यांनी घातली. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. अखेर २००९मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी बूट उतरवले आणि त्याच वर्षी मुंबई एफसीच्या प्रशिक्षकपदाची धुरा स्वीकारली. ऑगस्ट २०२५मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. दुखापतीने खेळ थांबलेल्या प्रत्येक खेळाडूने ही वाटचाल जरूर अभ्यासावी.