आरा आणि किरण

'रेडिओसर्जरी' हा शब्द स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये घडवला. 'रेडिओ'च्या मुळाशी लॅटिन 'रेडियस' आहे: किरण, आणि चाकाचा आरासुद्धा! किती नेमका शब्द! स्टॉकहोममध्ये १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या पहिल्या 'गॅमा नाइफ' या रेडिओसर्जरीच्या यंत्रात कोबाल्ट-६०चे १७९ किरणस्रोत होते. एकटा किरण वाटेतल्या मेंदूला फारसा दुखवत नाही. बैलगाडीचे आरे तुंब्यात मिळावेत तसे सगळे एका बिंदूत मिळतात, तिथेच घाव बसतो. कवटी उघडावी लागत नाही. म्हणून 'नाइफ' मला खटकतो. पाते कुठेच नाही. आपल्या 'शस्त्रक्रिये'तही शस्त्र आलेच. 'शल्य' म्हणजे मात्र रुतलेला काटा, बाणाचे टोक. म्हणून मी 'किरणशल्यक्रिया' म्हणेन.