भरती आणि भराव

चौलचें बंदर गाळानें भरलें आणि शतकानुशतकें नांदलेला व्यापार मुंबईकडे वळला. तो निसर्गाचा निवाडा. त्यावर अपील नव्हतें. त्याच रायगड जिल्ह्यांत, उत्तरेस न्हावा-शेवा येथें, १९८९ मध्यें नवें बंदर सुरू झालें. पुढें त्याच्या विस्तारांत खाडीवर भराव पडला, तिवरें गेलीं, भरतीची वाट अडली. तेव्हां उरण, हनुमान, गव्हाण व बेलपाडा येथील कोळीवाडे पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे गेले. फेब्रुवारी २०१५ मध्यें न्यायाधिकरणानें १,६३० कुटुंबांस सुमारें ९५ कोटि रुपये भरपाई ठरविली. कोळ्यांजवळ समुद्राचा सातबारा नव्हता. तरी भरती-ओहोटीवरील त्यांची उपजीविका न्यायासनानें ग्राह्य मानिली. गाळापुढें चौल निरुपाय होतें. भरावाला मात्र जाब विचारतां येतो, हें या कोळीवाड्यांनीं दाखविलें.